जुना लॅपटॉप विकताना कवडीमोल, घेताना मात्र नव्याच्या तोडीचा?

कसबा_बावडा

मंडळी, दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही एकमेकांत अडकलेत.

माझा लॅपटॉप २०२२च्या गुढीपाडव्याला घेतलेला. प्रोसेसर इंटेलचा आय५, अकरावी पिढी (११३५जी७), ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, पंधरा इंची, प्लास्टिक बॉडी. किंमत ५८ हजार. बिल आहे, बॉक्स आहे, चार्जर मूळचाच. आता ऑफिसनं त्यांचा लॅपटॉप दिलाय, त्यामुळं हा नुसता पडून. कोल्हापुरात राजारामपुरीत फिरलो, भाव आले १६ ते १९ हजार. घरी येऊन नेणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीनं अ‍ॅपवर साडेचौदा दाखवले. त्यांचा माणूस आला, झाकणावरचा ओरखडा, बॅटरी, स्क्रीनवरचा एक ठिपका असं करत करत अकरावर उतरला. चहा पाजून परत पाठवला.

आता गंमत बघा. ज्या दुकानात मला १७ सांगितले, त्याच दुकानात काचेच्या कपाटात अकराव्या पिढीचाच आय५, तोही ८ जीबीवाला, २६ हजारांची चिठ्ठी लावून ठेवलेला. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच. मग मधले ९ हजार कशाचे?

दुसरा प्रश्न भाचीचा. डिप्लोमाला कॉम्प्युटर घेतलंय, दुसऱ्या सत्रापासून लॅपटॉप लागेलच म्हणते. दाजींचं बजेट ३० ते ३५. नवा घ्यावा की जुना? माझाच देऊन टाका असं कुणी म्हणायच्या आधी सांगतो: दाजी फुकट घेणार नाहीत आणि मी भाचीच्या वस्तूचे पैसे घेणार नाही. गडहिंग्लजची माणसं आहेत, विषय हार्ड आहे.

नाद_खुळा_०९

साडेचौदा सांगून अकरा? भावा, साखर कारखान्याच्या काट्यावर पण एवढी घट धरत नाहीत.

साधा_माणूस

माझं मत सरळ आहे. लॅपटॉप नवाच घ्यावा. ३५ हजारांत आय३ किंवा रायझन ३ येतो, वर्षभर कंपनीची वॉरंटी असते, काही झालं तर सर्व्हिस सेंटरला टाकून मोकळं. जुन्यात दुकानदाराची तीन महिन्यांची वॉरंटी म्हणजे एका कागदावर मारलेला शिक्का. विद्यार्थ्याचा लॅपटॉप सबमिशनच्या आदल्या रात्री बंद पडला तर वाचवलेल्या दहा हजारांचं काय करायचं?

हिंजवडी_रिटर्न

साधा_माणूस, वॉरंटीचा मुद्दा मान्य, पण ३५ हजारांच्या नव्या लॅपटॉपमध्ये काय मिळतं तेही बघा. बऱ्याच मॉडेलांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, वाढवता येत नाही. स्क्रीन फिकी, कडेनं बघितलं की रंग उडतात. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बुशात असतात. दोन-तीन वर्षांत प्लास्टिक तडकलं की झाकण उघडताना अख्खा कोपरा वर येतो. तेवढ्याच पैशांत, किंबहुना कमीत, थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असल्या कंपन्यांसाठी बनवलेल्या मालिकेतला जुना लॅपटॉप मिळतो. मी पुण्याहून परत आलो तेव्हा थिंकपॅड टी४८० घेतला. २०१८चं मॉडेल. दोन बॅटऱ्या, एक आतली आणि एक मागं खटका दाबून काढता येणारी. रॅमला दोन खाचा. आजही रोजचं काम त्यावरच चालतं.

राजारामपुरी_गल्ली

काउंटरच्या पलीकडून बोलतो. जुने लॅपटॉप दुरुस्त करणं आणि विकणं हाच धंदा आहे. दुकानाचं नाव सांगणार नाही, जाहिरात म्हणाल.

कसबा_बावडा साहेब, तुमचा आणि कपाटातला, दोघांत प्रोसेसर सोडला तर काही समान नाही. कपाटातला बहुतेक लॅटिट्यूड ५४२० किंवा त्याच्या जातीतला असणार. हा माल येतो कुठून ते आधी समजून घ्या. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्या तीन वर्षांच्या वॉरंटीवर किंवा भाडेकरारावर एकाच मॉडेलचे शेकड्यानं लॅपटॉप घेतात. मुदत संपली की सगळे एकदम बाहेर. मोठे व्यापारी अख्खा लॉट उचलतात, ए, बी, सी अशी प्रतवारी लावतात, आणि आमच्यासारखे त्यातले दहा-वीस आणतात. कोल्हापूर नेमकं या दोन शहरांच्या मधल्या हायवेवर, त्यामुळं माल दोन्हीकडून येतो.

लॉटचा फायदा कशात आहे? एकसारखे वीस आणले आणि दोन बोर्ड गेलेले निघाले तर ते दोन मी स्पेअरला काढतो. त्यांचे स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या, स्पीकर बाकीच्या अठरांना पुरतात. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक कीबोर्ड गेला म्हणून आलं तर माझ्याकडं पार्ट असतो. तुमचा लॅपटॉप एकटा आहे. त्या मॉडेलचे तीन-चार उपप्रकार असतात, एकाचा टचपॅड दुसऱ्याला बसत नाही, पार्ट मागवायला आठवडा जातो. मी तो विकला की त्याची जबाबदारी माझ्याकडं आणि स्पेअर माझ्याकडं नाही. भाव तिथं पडतो. तुम्ही ५८ ला घेतला होता की ७० ला, त्याच्याशी मला देणंघेणं नसतं. पुढं तो किती वर्षं चालेल आणि बिघडला तर मी किती खर्चात उभा करीन, एवढंच मी बघतो.

आता ९ हजारांचा हिशोब. १७,५०० ला घेतला असं धरा. बॅटरी उतरलेली असणारच, चांगली कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची पण बसणारी, २,८०० ला पडते. कीबोर्ड किंवा बिजागरी दीड हजार. साफसफाई, थर्मल पेस्ट, मजुरी पाचशे. झाले २२,३००. तीन महिन्यांच्या वॉरंटीपोटी हजार बाजूला. २६ ची चिठ्ठी असली तरी कोल्हापुरात चिठ्ठीच्या भावाला कोण घेतंय? साडेचोवीसला सुटतो.

नाद_खुळा_०९

म्हणजे दादा तुम्ही समाजसेवा करताय तर.

हिंजवडी_रिटर्न

राजारामपुरी_गल्ली, मांडणी पटली, पण प्रत्येक लॅपटॉपला बॅटरी आणि कीबोर्ड दोन्ही बदलता हे नाही पटलं. मी बघितलेल्या निम्म्या दुकानांत बॅटरीचा विषय काढला की "दोन तास जाईल की" एवढंच उत्तर मिळतं.

राजारामपुरी_गल्ली

प्रत्येकाला नाही बदलत, खरं आहे. ज्याला बदलत नाही त्यात चार सुटतात, ज्याचा बोर्ड महिन्यात परत येतो त्यात खिशातले जातात. सरासरीवर दुकान चालतं.

आकडेमोड

मी कर सल्लागार आहे, म्हणून आकड्यांतून बोलते.

पहिली गोष्ट, ५८ हजार ही लॅपटॉपची किंमत नव्हतीच. त्यात १८ टक्के जीएसटी होता. ५८,००० ला १.१८ नं भागा, लॅपटॉप साधारण ४९,१५० चा आणि कर ८,८५० चा. नोंदणी असलेल्या धंद्याला हा कर क्रेडिट म्हणून परत मिळतो, पगारदाराला मिळत नाही. तुम्ही विकायला गेलात की समोरचा ते ८,८५० मोजत नाही. खोका फोडला त्याच दिवशी ते गेले.

दुसरी गोष्ट. आयकरात कॉम्प्युटरवर दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर. हाच लॅपटॉप एप्रिल २०२२मध्ये एखाद्या कंपनीनं घेतला असता तर मार्च २०२५ला त्यांच्या वहीत तो १०,६०० च्या आसपास उरला असता. म्हणून कंपन्या लॉट काढताना घासाघीस करत नाहीत. वहीत जे दिसतं त्यापेक्षा जास्तच हातात पडतं.

तिसरा हिशोब भाचीच्या कामाचा. किंमत बघू नका, वर्षाला किती पडतो ते काढा. या धाग्यावरचे आणि बाजारात ऐकलेले भाव घेते, थोडेफार इकडंतिकडं होतील.

नवा आय३, ३६ हजार. चार वर्षं वापरून ८-९ हजारांना गेला. वर्षाला ६,९०० च्या आसपास.
जुना बिझनेस मालिकेतला, अकरावी पिढी, २६ हजार, वर बॅटरीचे ३. तीन वर्षं वापरून ९ ला गेला. वर्षाला ६,७००.
जुना आठव्या पिढीचा, १५ हजार, वर बॅटरीचे ३. दोन वर्षं वापरून ५ ला गेला. वर्षाला ६,५००.

तिन्हीकडं साडेसहा ते सात हजारच येतात. तेव्हा "जुना घेऊन वीस हजार वाचवले" हे अर्धंच खरं आहे, कारण ते वीस हजार दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढावे लागतात. आणि "नवा परवडतो" हेही अर्धंच, कारण त्याच वार्षिक खर्चात जुन्यात वरच्या दर्जाची स्क्रीन आणि कीबोर्ड मिळतो. कसबा_बावडा, तुमचा स्वतःचा मात्र वर्षाला साडेदहा हजारांना पडला. सगळ्यात महाग तोच.

कसबा_बावडा

ताई, हे बायकोनं वाचलं नाही तर बरं.

साधा_माणूस

हिशोब छान, पण त्यात माझा वेळ कुठं आहे? जुना बिघडला की राजारामपुरीच्या दोन फेऱ्या, त्यात पार्किंग. नव्याचं पहिलं वर्ष तरी निवांत जातं. आणि हप्ते आहेत की, बिनव्याजी.

आकडेमोड

वेळेचा मुद्दा मान्य. बिनव्याजी हप्त्यांचा नाही. त्यात व्याज असतंच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी वजा करून दाखवते. त्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते, वर प्रोसेसिंग फी. शिवाय एकरकमी घेणाऱ्याला जी रोख सूट मिळाली असती ती सुटते. हप्त्यानं घेऊ नका असं नाही, पण ३६ चा लॅपटॉप ३६ लाच पडत नाही.

लिनक्सवाला_गारगोटी

आठव्या पिढीच्या खालच्यांना कुणी वालीच नाही का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या लॅपटॉपच्या भावात सध्या जी मोठी पायरी दिसते ती विंडोज ११ मुळं. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलमध्ये, काही अपवाद सोडले तर, आठवी पिढी किंवा पुढची. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापराला सुरक्षा अपडेटची मुदतवाढ मिळते, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यामुळं सातव्या पिढीचा आय५ आता आठ-नऊ हजारांत मिळतो आणि आठव्याचा चौदा-पंधराला. एका पिढीचा फरक आणि दीडपटीहून जास्त भाव. खरं तर तो फरक नुसत्या विंडोजचा नाही. आय५-७२००यू मध्ये दोन कोअर होते, आय५-८२५०यू मध्ये चार झाले. इंटेलच्या या बारीक चिपांत एवढी मोठी उडी क्वचितच आली.

पण लिहिणं, वाचणं, ब्राउझर, पायथन शिकणं एवढंच असेल तर सातव्या पिढीवर ८ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाका. आमच्या इथल्या पोरांना मी असेच लावून देतो. विकायला गेलात तर काही येणार नाही, त्यामुळं तो विचारच सोडायचा.

राजारामपुरी_गल्ली

गारगोटीवाल्यांचं बरोबर आहे, पण दुकानदार म्हणून एक इशारा. विंडोज ११ चालत नाही म्हटलेल्या मशीनवर आडवाटेनं ११ टाकून "एकदम चालू" म्हणून विकणारे आहेत. आज चालतं. मोठा अपडेट आला की अडकतं, मग गिऱ्हाईक येतं भांडायला. पिढी विचारा, आणि चिकटवलेल्या स्टिकरवर जाऊ नका. सिस्टीमच्या माहितीत प्रोसेसरचा नंबर बघा. आठ हजारांच्या घरातला नंबर म्हणजे आठवी, अकरानं सुरू झाला म्हणजे अकरावी.

लॅबवाली

तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर लॅब बघते. भाचीबद्दल बोलते.

डिप्लोमाच्या कॉम्प्युटर शाखेला सी, जावा, पायथन, थोडं डेटाबेस, थोडं वेब. यातलं काहीही आय५ आठव्या पिढीवर धावतं. अडचण येते ती शेवटच्या वर्षात, प्रोजेक्टला फोनची अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ घेतला की. एमुलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) चालू केला की ८ जीबी रॅम गुदमरते. त्यामुळं आज ८ असली तरी चालेल, पण पुढं १६ करता आली पाहिजे. घेताना हा एकच प्रश्न विचारा: रॅमची रिकामी खाच आहे का?

मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाल्यांचं गणित वेगळं. ऑटोकॅडचं द्विमितीय काम कशावरही होतं, पण सॉलिडवर्क्समध्ये मोठी असेंब्ली फिरवायची तर वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं. अशांनी जुना गेमिंग लॅपटॉप शोधण्याऐवजी प्रिसिजन, झेडबुक, थिंकपॅड पी असली जुनी वर्कस्टेशनं बघावीत. जड असतात, चार्जर विटेएवढा. पण गेमिंगवाला बहुतेक वेळा पहिल्या मालकानं तापवून तापवून वापरलेला असतो.

आणि कुणीतरी वडिलांना सांगा की पहिल्या सत्रात लॅपटॉप नसला तरी काही अडत नाही. लॅब असते.

हिंजवडी_रिटर्न

रॅमवरून आठवलं. हा धागा वर्षभरापूर्वी आला असता तर मी म्हणालो असतो, ८ वाला घ्या आणि वर ८ ची पट्टी टाका, किरकोळ खर्च. आता तसं राहिलं नाही. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडं वळवलाय आणि २०२५च्या अखेरीला रॅमचे भाव भलतेच चढले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉननं क्रुशियल नावानं आपल्याला मिळणारा माल बंद करायचं जाहीर केलं. एसएसडीचेही भाव वर जाताहेत. याचे दोन परिणाम: नवे लॅपटॉप महागणार, आणि १६ जीबीवाला जुना लॅपटॉप आता खरोखर मोलाचा. आधीच १६ असलेला मिळाला तर दोन-तीन हजार जास्त द्या, हरकत नाही.

तिसरा परिणाम वाईट. दाखवताना १६ ची आणि देताना ८ ची असे प्रकार वाढणार. पैसे देण्याच्या क्षणी, त्याच मशीनवर, टास्क मॅनेजर उघडून बघा. किती खाचा वापरात आहेत तेही तिथंच दिसतं.

बघायच्या बाकीच्या गोष्टी घाईत सांगतो. बॅटरीचा अहवाल काढा: कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट. मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी येतात. कीबोर्डवर तीनच्या बटणावर पौंडाची खूण असेल तर मशीन विलायतेहून आलंय. वाईट असतं असं नाही, पण "पुण्याच्या बँकेचा लॉट" म्हणून सांगत असतील तर गोष्ट जुळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: कंपनीचा लॅपटॉप असेल तर दुकानातच विंडोज पूर्ण रीसेट करायला लावा आणि नव्यानं सुरू होताना वायफाय जोडा. कंपनीनं आपल्या यादीतून काढला नसेल तर पडद्यावर कंपनीचं नाव आणि लॉगिन येतं. आलं की तिथंच ठेवून घरी या. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या आतल्या सेटिंगला) पासवर्ड आहे का, तेही बघा. मॅकला हाच प्रकार अ‍ॅक्टिव्हेशन लॉकचा.

नाद_खुळा_०९

रीसेट करायला तास जातो. दुकानदार म्हणतंय, "पाव्हणं, घ्यायचाय का नुसतं बघायचंय?"

राजारामपुरी_गल्ली

तास जाऊ दे. जो थांबू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

शाहूपुरीकर

आपल्या गावाची एक गोष्ट कुणी बोललं नाही. पाणी.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी आमच्या भागात होतं. दुकानं, ऑफिसं, तळमजले. पूर ओसरला की ओल्या इलेक्ट्रॉनिक मालाचं काय होतं? वाळवला जातो, पुसला जातो, काही सुरूही होतो. मग तो दोन-तीन हात फिरून कुणाच्या तरी घरी जातो. तेव्हाची मशीन आता जुनी झाली, पण आठव्या-नवव्या पिढीतली काही अजून बाजारात असणार. आणि पाणी काही २०२१ला शेवटचं आलं नाही.

ओळखायचं कसं? मागचं झाकण उघडायला लावा. स्क्रूच्या डोक्यावर गंज, यूएसबीच्या खाचेत हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, बोर्डावर सुकलेल्या गाळाची पुसट रेघ, स्क्रीनच्या कडेला आतून तपकिरी डाग. नाकही वापरा, कुबट वास लपत नाही. मशीन पन्नास मिनिटं चालतं आणि एक्कावन्नाव्या मिनिटाला बंद पडतं, असली दुखणी याच्यातूनच येतात.

हिंजवडी_रिटर्न

हे भारी सांगितलंत काका. पुण्यात हे कुणी बघत नाही.

कोटीतीर्थ

मध्येच विचारतो. एक ओळखीचा माणूस मॅकबुक एअर २८ हजारांना देतोय. दिसायला एकदम नवा. २०२० चा आहे म्हणतो. घेऊ का?

हिंजवडी_रिटर्न

२०२० मध्ये एअर दोन निघाले. वर्षाच्या सुरुवातीचा इंटेलवाला आणि नोव्हेंबरातला अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा, एम१. "या मॅकविषयी" मध्ये चिप बघा. एम१ असेल, बॅटरी ठीक असेल, आयक्लाउडमधून मोकळा केलेला असेल तर २८ ला डोळे झाकून घ्या, आणि मग एवढा स्वस्त का हे डोळे उघडून विचारा. ८ जीबी, २५६ जीबीचा एम१ एअर आपल्याकडं ९२,९०० ला आला होता आणि अजून अ‍ॅपलचे नवे अपडेट त्याला मिळतात, म्हणून त्याचा भाव टिकलाय. इंटेलवाला असेल तर नको. मॅकओएस २६ इंटेलच्या मोजक्याच मॉडेलांवर चालतं, त्यात एअर एकही नाही, आणि इंटेलसाठी ती शेवटचीच आवृत्ती आहे.

कोटीतीर्थ

इंटेल निघाला. विचारल्यावर म्हणतो, "चालतंय की, काय फरक पडतोय."

आकडेमोड

ओळखीचा असला तरी कुणाकडूनही घेताना मूळ बिलाची प्रत, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि साध्या कागदावर सिरीयल नंबरासह विक्रीची चिठ्ठी घ्या. पैसे यूपीआयनं द्या, नोंद राहते. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. "मला काय माहीत" म्हणायचं तर कागद लागतो.

कसबा_बावडा

सगळ्यांचं वाचलं. बॅटरीचा अहवाल काढला. मूळ क्षमतेच्या साधारण ६६ टक्के उरलीय. मागचं झाकण भाच्याकडून उघडून घेतलं: ४ जीबी बोर्डावर डकवलेली, ४ ची पट्टी खाचेत. म्हणजे ती पट्टी काढून ८ ची टाकली तर १२ होतील. गंज वगैरे काही नाही, आम्ही चौथ्या मजल्यावर.

आता वाटतंय १७ ला विकून भाचीला ३० चा घेण्यात अर्थ नाही. पण दाजींचा प्रश्न तसाच आहे.

साधा_माणूस

इथं मी माझंच मत थोडं मागं घेतो. जुन्या लॅपटॉपला माझा विरोध त्याचा इतिहास माहीत नसतो म्हणून आहे. तुमच्या लॅपटॉपचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. दुकानदार १७ देतो कारण त्याला तो माहीत नाही. घरात तो लॅपटॉप १७ पेक्षा जास्त मोलाचा आहे. भाचीलाच द्या.

राजारामपुरी_गल्ली

धंदा जातोय माझा, पण बरोबर बोललात. ओळखीत द्यायचा असेल तर माझ्या खरेदीच्या भावाच्या आणि माझ्या चिठ्ठीच्या मध्ये कुठंतरी ठरवा. २० ते २१. दोघांचाही फायदा.

१२ जीबी चालतील, पण दोन पट्ट्या सारख्या नसल्या की आतल्या ग्राफिक्सचा वेग थोडा कमी पडतो. कोडिंगला काही फरक नाही. पट्टी डीडीआर४ जातीची, ३२०० वेगाचीच घ्या, आणि भाव रोज विचारा, सध्या आज सांगितलेला उद्या राहत नाही.

लॅबवाली

१२ पुरतील. एमुलेटरऐवजी स्वतःचा फोन केबलनं जोडून अ‍ॅप तपासायला शिकवा, रॅमचा प्रश्नच राहत नाही. आमची निम्मी मुलं तसंच करतात.

आकडेमोड

दाजींचा प्रश्न मी सोडवते. लॅपटॉप मामाकडून. बॅटरी, रॅम आणि बॅग वडिलांकडून, त्यांनीच दुकानात जाऊन पैसे द्यायचे. सहा-सात हजार तरी जातील. दोघांचाही मान राहतो.

कसबा_बावडा

ताई, जमलं. आत्ताच फोन झाला. दाजी म्हणतात बॅटरी कंपनीचीच टाकायची, कंपॅटिबल नको, आणि वर भाचीसाठी प्रिंटर पण घेतो म्हणतात. आता त्यांना कोण सांगणार.

विकायचा नाही ठरलं तरी एक शंका उरली. आतला माझा सगळा डेटा, ऑफिसच्या जुन्या फायली, बँकेची स्टेटमेंटं, नुसतं डिलीट करून पुरेल का?

हिंजवडी_रिटर्न

नाही. सेटिंगमधून रीसेट करा, "सगळं काढून टाका" निवडा, आणि पुढच्या पर्यायांत "ड्राइव्ह साफ करा" चालू करा. वेळ जास्त लागतो, रात्री लावून झोपा, चार्जर जोडून. त्याआधी ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आपल्या खात्यात आलेत का बघा, आणि बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची किल्ली लिहून ठेवा. ऑफिसच्या फायली घरच्या लॅपटॉपवर कशा आल्या ते विचारत नाही.

राजारामपुरी_गल्ली

आणि रॅम-बॅटरी टाकायला आणाल तेव्हा रीसेट करूनच आणा. आम्हाला पासवर्ड सांगायची वेळच यायला नको. मॉडेलचा पूर्ण नंबर खालच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो आधी पाठवून ठेवा. कंपनीची बॅटरी मागवायला आठ-दहा दिवस लागतात.

नाद_खुळा_०९

दाजींना सांगा प्रिंटर पण जुना बघा म्हणून. मी नवा धागा काढतो.